क्लेसी कमिन्स : जुन्या गाडींत नवें इंजिन बसविणारा यंत्रज्ञ

नाशिकहून मुंबईस मोटारनें जाणाऱ्या आमच्या बहुतेक वाचकांनीं इगतपुरी मागें टाकल्यावर कसारा घाट उतरलेला असेल. एका बाजूस कडा, दुसऱ्या बाजूस दरी, आणि पुढें मागें मालानें भरलेल्या मालमोटारींची रांग. अशा वेळीं मुलांचें लक्ष पावसाळ्यांतील धबधब्यांकडे असतें. परंतु वडील माणसांचें लक्ष पुढील गाडीच्या चाकांकडे असतें. कारण चढावर गाडीचें बळ पाहावयाचें असतें, आणि उतारावर तिचा आवर. ज्या मनुष्यानें आयुष्याचा पूर्वार्ध गाडीस नवें बळ देण्यांत घालविला व उत्तरार्ध त्या बळास आवर घालण्यांत वेंचला, त्याचें चरित्र आज विद्यार्थ्यांपुढें ठेवावयाचें आहे. त्याचें आडनांव महाराष्ट्रास अपरिचित नाहीं. १९६२ सालीं किर्लोस्कर मंडळींच्या सहकार्यानें पुण्यास जो डिझेल इंजिनांचा कारखाना निघाला, त्यास तें नांव मिळालें; आणि महर्षि कर्वे यांच्या संस्थेनें १९९१ सालीं मुलींसाठीं काढलेलें अभियांत्रिकी महाविद्यालयही त्याच नांवानें ओळखलें जातें. मात्र नांव घेणाऱ्यांपैकीं थोड्यांसच त्या नांवाचा मनुष्य ठाऊक असतो.

क्लेसी लाइल कमिन्स याचा जन्म अमेरिकेच्या इंडियाना संस्थानांत २७ डिसेंबर १८८८ रोजीं एका शेतकरी कुटुंबांत झाला. त्याचें शाळेंतील शिक्षण आठव्या इयत्तेपलीकडे गेलें नाहीं. कोणा विद्यार्थ्यानें या गोष्टीचा आधार घेऊन पुस्तकें मिटूं नयेत. कारण शाळेंत जें मिळालें नाहीं, तें मिळविण्यासाठीं या मुलास पुढें जन्मभर दुप्पट श्रम करावे लागले. अकरा वर्षांचा असतां त्यानें स्वतः लांकडाचे सांचे कोरले, धातु ओतविला, आणि एक लहानसें वाफेचें इंजिन तयार करून तें चालवून दाखविलें. तेव्हांपासून कोणतेंही यंत्र दिसलें कीं तें आंतून कसें चालतें हें पाहिल्यावांचून त्यास चैन पडत नसे.

सन १९०८ मध्यें कोलंबस नांवाच्या गांवीं विल्यम अर्विन या सधन पेढीवाल्याच्या घरीं त्यास मोटार हांकण्याची व दुरुस्त ठेवण्याची नोकरी मिळाली. १९११ सालीं इंडियानापोलिस येथें पांचशें मैलांची पहिली मोटार-शर्यत झाली. तींत जी मार्मन गाडी विजयी ठरली, तिच्या साहाय्यकांच्या तुकडींत हा तरुण होता. अर्विन यांनीं आपल्या शोफरचे गुण ओळखले व त्यास यंत्रशाळेसाठीं जागा आणि पैसा दिला. पुढें ३ फेब्रुवारी १९१९ रोजीं अर्विन यांच्या भांडवलावर कमिन्स इंजिन कंपनी स्थापन झाली, आणि कालचा शोफर कारखानदार बनला.

पण कारखाना निघणें व तो चालणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. कमिन्स यांनीं प्रारंभीं ह्विड नांवाच्या पद्धतीचीं लहान तेल-इंजिनें केलीं, व तीं टपालानें माल विकणाऱ्या एका मोठ्या पेढीमार्फत शेतकऱ्यांकडे गेलीं. माल पसंत न पडल्यास परत घेण्याची त्या पेढीची हमी होती. इंजिनांत दोष होते हें खरें. परंतु कित्येक खरेदीदारांनीं तर हंगामभर काम करून घेऊन हंगाम सरतांच इंजिनें परत धाडलीं. दहा वर्षें लोटलीं तरी नफ्याचें तोंड दिसलें नाहीं. अशांत १९२९ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेंतील शेअर बाजार कोसळला, आणि अर्विन यांच्यासारख्या धीराच्या मनुष्याच्या मनांतही कारखाना बंद करण्याचा विचार घोळूं लागला. कारखान्याबरोबर तेथील कामगारांची भाकरीही जाणार होती.

येथें डिझेल इंजिनाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. पेट्रोलच्या इंजिनांत हवा व इंधन यांचें मिश्रण दाबून तें विजेच्या ठिणगीनें पेटवितात. रुडॉल्फ डिझेल या जर्मन यंत्रज्ञानें १८९७ सालीं जें इंजिन यशस्वी करून दाखविलें, त्यांत ठिणगीच नसते. तेथें नुसती हवा इतकी दाबली जाते कीं ती अत्यंत तप्त होते, आणि तींत तेलाचा फवारा उडतांच तें तेल आपोआप पेट घेतें. या रीतीनें थोड्या इंधनांत अधिक काम होतें. परंतु तो दाब सोसण्यासाठीं इंजिन जाड व वजनदार करावें लागतें. जर्मनींत तें मालमोटारींत बसूं लागलें होतें. अमेरिकेंत मात्र तें बोटी, पंप आणि विजेचीं यंत्रें यांच्याच कामाचें, असा समज रूढ होता.

हा समज वादानें जाणार नाहीं, डोळ्यांना दाखविल्यानेंच जाईल, हें कमिन्स यांनीं ओळखलें. त्यांनीं एक वापरलेली पॅकार्ड गाडी घेतली, तिचें पेट्रोल इंजिन बाहेर काढलें, आणि बोटींसाठीं केलेलें आपलें चार सिलिंडरांचें डिझेल इंजिन तींत बसविलें. हें काम दिवाणखान्यांतील एक खुर्ची उचलून दुसरी ठेवण्याइतकें सोपें नव्हे. नवें इंजिन जड असेल तर पुढील आंसावर भार येऊन स्प्रिंगा दबतात. तें सावकाश फिरणारें असेल तर चाकांस पूर्वींचा वेग देण्यासाठीं दंतचक्रांचें प्रमाण बदलावें लागतें. त्याचे ठोके जोरदार असतील तर सांगाडा थरथरतो, आणि क्लचपासून मागील आंसापर्यंत प्रत्येक भागावर नवा ताण पडतो. म्हणजे इंजिन एकच बदललें तरी विचार सर्व गाडीचा करावा लागतो.

१९२९ च्या नाताळच्या दिवशीं कमिन्स ती गाडी घेऊन अर्विन यांच्या दारीं गेले व आपल्या जुन्या मालकास फिरावयास घेऊन गेले. एके काळीं ज्यांची गाडी ते पगारासाठीं हांकीत, त्यांनाच आज स्वतःच्या इंजिनाच्या गाडींतून ते नेत होते. त्या फेरफटक्यानंतर अर्विन यांचें मन पालटलें, कारखाना बंद करण्याची गोष्ट मागें पडली, आणि त्यांनीं पुन्हां पैसा घातला. नाताळच्या भेटी पुष्कळ दिल्या घेतल्या जातात. पण एवढ्या कुटुंबांचा उदरनिर्वाह वांचविणारी भेट विरळा.

पुढील जानेवारींत, सन १९३० मध्यें, कमिन्स यांनीं तीच गाडी इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कपर्यंत ७९२ मैल नेली. आमच्या वाचकांस कळावें म्हणून सांगतों : नाशिकहून मुंबईस चार वेळां जाऊन परत यावें, जवळजवळ इतकें हें अंतर आहे. या प्रवासास लागलेल्या तेलाची किंमत अवघी १ डॉलर ३८ सेंट झाली! त्याच वर्षीं डेटोना येथील समुद्रकिनाऱ्यावर डिझेल इंजिनाच्या पॅकार्ड गाडीनें ताशीं ८० मैलांचा वेग गांठला, आणि १९३१ सालीं डिझेल इंजिनाच्या ड्यूझनबर्ग गाडीनें ताशीं १०० मैलांची मर्यादा ओलांडली.

मग डिझेल इंजिनाची गाडी इंडियानापोलिसच्या शर्यतींतच उतरवावयाची असें ठरलें. पेट्रोलवर चालणाऱ्या हलक्या, चपळ गाड्यांपुढें ही गाडी वेगांत टिकण्यासारखी नव्हती. परंतु कमिन्स यांचा हिशेब निराळा होता. इतर गाड्यांना इंधन घेण्यासाठीं व चाकें बदलण्यासाठीं थांबावें लागे; आपली गाडी थांबूंच नये, असा त्यांचा बेत होता. ३० मे १९३१ रोजीं डेव्ह एव्हन्स या चालकानें ती गाडी पांचशें मैल एकदांही न थांबतां नेली. सरासरी वेग ताशीं ८६ मैल पडला, ३१ गॅलन तेल लागलें, आणि क्रमांक तेरावा आला. तेराव्या क्रमांकास कोणी हार घालीत नाहीं. पण वाटेंत न थांबतां ही शर्यत पुरी करणारी ती पहिलीच गाडी होती.

येथवरची कथा यशाची झाली. आतां भयाची ऐका. त्याच वर्षीं डिझेल इंजिन बसविलेली एक मालमोटार घेऊन कमिन्स आपल्या सोबत्यांसह न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला निघाले होते. कॅलिफोर्नियांतील कॅहॉन खिंडीचा लांब उतार लागला. पेट्रोलच्या गाडींत चालकानें पाय उचलला कीं हवेची वाट आवळली जाते व इंजिन स्वतःच गाडीस थोडें मागें ओढतें. डिझेलमध्यें हवेची वाट मोकळीच राहते, त्यामुळें तो आधार फारसा मिळत नाहीं. सर्व भार ब्रेकांवर पडला, ते तापून निकामी झाले, आणि गाडी सुसाट सुटली. पायथ्याशीं रस्ता आगगाडीचे रूळ ओलांडीत होता, व त्यावरून एक मालगाडी चालली होती. तिचा शेवटचा डबा पुढें सरकला आणि मालमोटार रुळांवरून पार झाली. क्षणाचा फरक पडता तर हें चरित्र तेथेंच संपतें. आपण गाडीस बळ दिलें, पण तिला आवरण्याची सोय केली नाहीं, ही टोंचणी कमिन्स यांच्या मनांत पंचवीस वर्षें राहिली.

दरम्यान कारखान्याचे दिवस पालटले. मालमोटारवाल्यांनीं डिझेल स्वीकारलें, आणि १९३७ सालीं, स्थापनेनंतर अठरा वर्षांनीं, कंपनीस पहिला नफा झाला. १९५२ मध्यें क्लेसी यांचे बंधु डॉन यांच्या देखरेखीखालीं इंडियानापोलिससाठीं एक नवी डिझेल गाडी तयार झाली. तिच्यांत टर्बोचार्जर होता. इंजिनाचा धूर वायां न घालवितां त्याच्या झोतानें एक पंखा फिरवावयाचा, आणि त्या पंख्याच्या दांड्यावरील दुसऱ्या पंख्यानें अधिक हवा इंजिनांत कोंबावयाची, ही युक्ति आल्फ्रेड ब्यूची या स्विस यंत्रज्ञानें १९०५ सालींच नोंदविली होती. तिच्या जोरावर ही गाडी चांचणींत ताशीं १३८ मैलांच्या वेगानें सर्वांत पुढें आली. परंतु हवा घेण्याचें तोंड जमिनीजवळ असल्यामुळें टायरांचा चुरा व केरकचरा आंत ओढला गेला, वाट बुजली, आणि दोनशें फेऱ्यांपैकीं ७१ फेऱ्यांतच शर्यत सोडावी लागली. श्वास कोंडला म्हणजे बलाढ्य मल्लही बसतो!

क्लेसी कमिन्स यांनीं १९५५ च्या सुमारास कारखान्याचें काम सोडलें व ते कॅलिफोर्नियांत राहिले. पण कॅहॉन खिंड त्यांनीं सोडली नव्हती. हवा दाबतांना इंजिनाची शक्ति खर्च होते, आणि दाबलेली हवा पसरतांना ती शक्ति दट्ट्यास परत मिळते. उतारावर तेल बंद करून, दाब शिगेस पोंचतांच झडप उघडून ती हवा सोडून दिली, तर गाडीची ओढ खर्च होईल आणि परत कांहींच मिळणार नाहीं. मग इंजिनच ब्रेकाचें काम करील. अडचण एवढीच कीं नेमक्या क्षणीं झडप उघडावी कशी? त्यांच्या ध्यानांत आलें कीं तेलाची पिचकारी दाबणारा कॅम त्याच क्षणीं हलत असतो. त्याचीच हालचाल झडपेकडे वळवावी. जें हवें होतें तें इंजिनांत आधींपासूनच होतें. ही युक्ति कित्येक कारखान्यांनीं, खुद्द त्यांच्या नांवाच्या कारखान्यानेंही, प्रथम नाकारली. शेवटीं जेकब्स नांवाच्या कंपनीनें ती पत्करली व १९६१ सालीं असे ब्रेक विक्रीस आणले. १७ ऑगस्ट १९६८ रोजीं कमिन्स निवर्तले, तेव्हां डोंगरी रस्त्यांवरील अनेक अवजड गाड्यांत त्यांचा हा ब्रेक बसलेला होता.

आमच्या जिल्ह्यांत इगतपुरीस मोटारींच्या इंजिनांचा व नाशिकास मोटारींचा कारखाना आहे, आणि पालकांपैकीं कित्येकांचे हात रोज यंत्रांस लागतात. जुन्या गाडींत नवें इंजिन बसविण्याची हौस आमच्या तरुणांतही आहे. ती वाईट नव्हे. तिच्यांतूनच एक कारखाना जगला. परंतु गाडीस दुप्पट बळ देणाऱ्यानें तिच्या ब्रेकांचा विचार चौपट करावा, आणि कायद्याची संमति आधीं घ्यावी. कमिन्स यांनीं पहिलें काम केलें तेव्हां ते चाळिशींत होते. दुसरें पुरें झालें तेव्हां सत्तरी उलटली होती. पुढच्या वेळीं कसारा घाट उतरतांना, खालच्या गिअरमध्यें सावकाश उतरणारी एखादी जड मालमोटार आपली वाट अडवील, तेव्हां विद्यार्थ्यांनीं चडफडूं नये. तिचा चालक जें जाणतो, तें शिकावयास एका थोर यंत्रज्ञास अर्धें आयुष्य लागलें.