मदुराईचे रोमन संन्यासी : फादर रॉबर्ट डी नोबिली



आपले जेवण, आपला पेहराव, आपली लग्नाची रीत हीच सरळ आणि दुसऱ्याची वाकडी, असे माणसाला सहज वाटून जाते. अभ्यासक या वृत्तीला स्वसंस्कृतिकेंद्री दृष्टी म्हणतात. याच्या उलट टोकाचा विचार असा की, प्रत्येक संस्कृती तिच्या स्वतःच्याच मापाने मोजावी, बाहेरच्याने तिला बरेवाईट म्हणू नये. याला सांस्कृतिक सापेक्षतावाद म्हणतात. नावे अलीकडची असली तरी प्रश्न जुना आहे. चारशे वर्षांपूर्वी आपल्याच देशात एका धर्मगुरूने या प्रश्नासाठी सारे आयुष्य वेचले. त्यांचे चरित्र आज आपण पाहू या.

रॉबर्ट डी नोबिली यांचा जन्म 1577 साली रोममध्ये एका श्रीमंत, मानमरातब असलेल्या घराण्यात झाला. कार्डिनल रॉबर्ट बेलार्माईन हे त्यांचे नातलग. घरच्यांच्या मनात त्यांच्यासाठी मोठ्या पदाची स्वप्ने होती; पण त्यांनी येशूसंघात प्रवेश केला आणि 1605 साली ते गोव्याला उतरले. त्याच काळात गोव्यातील साष्टी भागात फादर थॉमस स्टीफन्स कार्य करीत होते. त्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली छापले गेले. मिशनऱ्याने लोकांच्या भाषेत शिरले पाहिजे, ही जाणीव काही जणांच्या ठायी तेव्हाच जागी झाली होती, हे यावरून दिसते.

1606 च्या अखेरीस फादर नोबिली मदुराईला पोहोचले. तेथे फादर गोन्सालो फर्नांडिस हे पूर्वाश्रमीचे पोर्तुगीज सैनिक दहा-बारा वर्षे कार्य करीत होते. माणूस भक्तिमान व सेवाभावी होता. दवाखाना आणि शाळा त्यांनी चालवली होती. पण मदुराईच्या रहिवाशांपैकी जवळजवळ कोणीही ख्रिस्ती झाले नव्हते. पोर्तुगीजांना तेथे ‘परंगी’ म्हणत आणि परंगी म्हणजे गोमांस खाणारा, दारू पिणारा, शुचिर्भूत न राहणारा माणूस, अशी लोकांची समजूत होती. स्नानसंस्कार घेणे म्हणजे परंगी होणे, असाच अर्थ लोक लावीत. खेदाची गोष्ट अशी की, मिशनरीही तोच शब्द वापरून उमेदवाराला परंगी कुळात येणार का, असे विचारीत असत. प्रभू येशूवर श्रद्धा ठेवणे आणि पोर्तुगीज होणे, या दोन गोष्टी एकच होऊन बसल्या होत्या.

फादर नोबिलींनी ही गाठ सोडवायचे ठरवले. काळा झगा उतरवून त्यांनी भगवी वस्त्रे घातली, पायांत खडावा घातल्या, मांसाहार सोडला. मातीच्या घरात राहून ते दिवसातून एकदाच भाजी-भात जेवू लागले. तमिळ ते शिकलेच, शिवाय तेलुगू शिकले. शिवधर्म नावाच्या ब्राह्मण पंडितापाशी बसून त्यांनी संस्कृत आत्मसात केले. संस्कृतचा सखोल अभ्यास करणाऱ्या पहिल्या काही युरोपियनांत त्यांची गणना होते. ख्रिस्ती श्रद्धा सांगण्यासाठी त्यांनी तमिळ शब्द निवडले : देवालयाला कोयिल, कृपेला अरुळ, मिस्साला पूसै. हळूहळू लोक त्यांच्याकडे चर्चेला येऊ लागले. काहींनी स्नानसंस्कार घेतला. शेंडी, जानवे, गंध यांचा त्याग करण्याची सक्ती त्यांनी केली नाही. हे समाजातील स्थानाचे चिन्ह आहे, मूर्तिपूजा नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते.

पहिली तक्रार झाली ती घरातूनच. फादर फर्नांडिस यांनी 1610 साली वरिष्ठांना कळवले की, हा माणूस हिंदू झाला आहे. बातमी रोमपर्यंत गेली. कार्डिनल बेलार्माईनही व्यथित झाले. खुलासा वाचल्यावर मात्र ते त्यांच्या पाठीशी उभे राहिले. 1619 साली गोव्यात भरलेल्या सभेत आर्चबिशपांसह बहुतेकांनी विरोध केला. अखेर 31 जानेवारी 1623 रोजी पोप ग्रेगरी पंधरावे यांनी काही अटींवर या रीतींना परवानगी दिली.

येथवर हे चरित्र आपल्याला आवडते. पण ते येथेच थांबवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

उच्चवर्णीयांनी आपल्याला स्वीकारावे म्हणून फादर नोबिली फादर फर्नांडिस यांच्यापासून वेगळे राहिले आणि ज्यांना समाज अस्पृश्य मानीत होता त्यांच्यापासूनही अंतर राखले. उच्चवर्णीयांसाठी वेगळे देवालय उभे राहिले. जात ही युरोपातल्या सरदार-सामान्य भेदासारखी सामाजिक व्यवस्था आहे, धर्माचा भाग नाही, अशी त्यांची धारणा होती. पोप ग्रेगरी यांनी त्याच परवानगीपत्रात, वरच्यांनी खालच्यांचा तिरस्कार करू नये, अशी कळकळीची विनंती केली होती. फादर नोबिलींनाही पुढे उणीव जाणवली असावी. 1640 च्या सुमारास दलित समाजांसाठी ‘पंडारस्वामी’ म्हणून वेगळे मिशनरी नेमले गेले. पण वेगळेपणा गेला नाही. तमिळ प्रदेशातील काही चर्चमध्ये बसण्याच्या वेगळ्या जागा आणि दफनभूमीतील वेगळे कोपरे पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले.

येथे आपल्याला अंत्युखियाचा प्रसंग आठवतो. संत पेत्र विदेशी ख्रिस्ती बांधवांबरोबर जेवत होता. यरुशलेमहून माणसे येताच तो भिऊन मागे सरला आणि संत पौलाने त्याला तोंडावर विरोध केला. याच संत पौलाने विदेशी लोकांवर सुंतेची सक्ती होऊ दिली नव्हती. म्हणजे दुसऱ्याच्या रीतीचा मान राखणारा माणूसच पंगतीत भेद होताच गप्प बसला नाही. आम्हाला वाटते, कसोटी हीच आहे. पेहराव, भाषा, अन्न, गाणे यांत वाकडे-सरळ काही नाही. पण जी रीत माणसाला प्रभूच्या मेजापासून दूर बसवते, ती कोणाचीही असो, संस्कृती म्हणून तिला सूट नाही. फादर नोबिलींनी स्वतःच्या संस्कृतीचा गर्व पूर्ण उतरवला. ज्या संस्कृतीत ते गेले तिचा गर्व मात्र काही अंशी अंगावर घेतला.

म्हातारपणी त्यांची दृष्टी जवळजवळ गेली. मदुराईत त्यांनी तुरुंगवासही भोगला होता. 16 जानेवारी 1656 रोजी मैलापूर येथे त्यांचे निधन झाले. 1965 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकांच्या संस्कृतीतील चांगले ते जपण्याचा आदेश दिला, त्यामागे अशा माणसांचे कष्ट आहेत. आणि 2016 साली भारतीय बिशपांनी जातिभेदाला गंभीर सामाजिक पाप म्हटले, त्यामागे त्यांच्या वाटेवर राहून गेलेल्यांचे अश्रू आहेत.

आपल्या देवळातही आज निरनिराळ्या भाषा बोलणारी, निरनिराळ्या चालीरीतींची कुटुंबे येतात. त्यांच्या नोव्हेनाची पद्धत, त्यांचा स्वयंपाक, त्यांचा मराठीचा हेल यांवरून आपण हसतो का? आणि आपल्यापैकी कोणाच्या घरी सोयरीक करायची नाही, हे आपण ‘आमची रीत’ म्हणून चालवून घेतो का? हे दोन्ही प्रश्न आम्ही धर्मगुरूही स्वतःला विचारीत आहोत. या रविवारी मिस्सानंतर घरी जाण्यापूर्वी, ज्या कुटुंबाशी आपण आजवर बोललो नाही त्यांच्यापाशी थोडा वेळ थांबू या.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.