चार्लस डिकन्स व त्याची नाताळची गोष्ट

कल्पित कथा लिहिणे म्हणजे असत्याचा पसारा मांडणे, अशी कित्येक भाविक जनांची समजूत असते. अशांनी चार्लस डिकन्स या इंग्रज ग्रंथकाराचे चरित्र अवश्य मनन करावे.

त्याचा जन्म इ. स. १८१२ च्या फेब्रुवारीच्या ७ व्या तारखेस पोर्ट्समथ बंदरी झाला. बाप आरमारी खात्यात कारकून होता. परंतु मिळकतीहून खर्च अधिक, म्हणून १८२४ साली तो कर्जापायी लंडनातील मार्शलसी तुरुंगात पडला. चार्लस तेव्हा १२ वर्षांचा. शाळा सुटली, आणि थेम्स नदीकाठच्या एका जुनाट, उंदरांनी भरलेल्या इमारतीत बुटांच्या काळ्या रोगणाच्या बरण्यांवर चिठ्ठ्या डकविण्याचे काम त्याच्या वाट्यास आले. मजुरी आठवड्यास सुमारे ६ शिलिंग. पुढे बापाने त्यास तेथून काढिले. आई मात्र त्यास पुन्हा तेथेच पाठवू पाहत होती. हे शल्य त्याच्या अंतःकरणात जन्मभर राहिले. ही हकीकत त्याने फॉर्स्टर नामक मित्रास सांगितली होती. जगास ती त्याच्या मृत्यूनंतर, त्या मित्राने लिहिलेल्या चरित्रावरूनच कळली.

परंतु जे त्याने स्वतःविषयी लपविले, ते आपल्या कथांतील मुलांच्या रूपाने बोलून दाखविले. लघुलेखन शिकून तो पार्लमेंटातील भाषणे टिपणारा बातमीदार झाला, आणि १८३६ पासून कथालेखक म्हणून प्रसिद्धीस आला. गरिबांच्या आश्रयगृहात जन्मलेला पोरका ऑलिव्हर ट्विस्ट, वखारीत बाटल्या धुणारा डेव्हिड कॉपरफील्ड, ही त्याच्या लेखणीची लेकरे होत.

१८४३ साली खाणींत व कारखान्यांत राबणाऱ्या मुलांविषयीचा सरकारी अहवाल वाचून त्याचे मन कळवळले. या मुलांच्या वतीने एक पत्रक काढावे असे त्याने प्रथम योजिले; मग तो बेत सोडून, सुमारे ६ आठवड्यांत, त्याने नाताळची एक गोष्ट लिहिली. तीत स्क्रूज नामक कृपण व्यापाऱ्यास आत्मे येऊन गतकाळचे, चालू व पुढील नाताळ दाखवितात. सुटीत सर्व मुले घरी गेल्यावर शाळेत एकटाच राहिलेला मुलगा त्यास दिसतो. तो मुलगा म्हणजे तो स्वतःच! तेथे त्याच्या डोळ्यांस पाणी येते. मग आपल्या कारकुनाचा पंगू मुलगा टिम त्याच्या दृष्टीस पडतो. डिसेंबरच्या १९ व्या तारखेस निघालेल्या या पुस्तकाच्या ६,००० प्रती नाताळपूर्वीच खपल्या.

त्याच्या स्वतःच्या घरातील सुख मात्र टिकले नाही; १८५८ साली तो पत्नीपासून विभक्त झाला. आपल्या मुलांकरिता त्याने सोप्या भाषेत ख्रिस्तचरित्र लिहिले होते. ते १९३४ साली छापले गेले. १८७० च्या जूनच्या ९ व्या तारखेस तो मरण पावला, व वेस्टमिन्स्टर ॲबेत त्यास पुरले.

वाचकहो, पत्रक कदाचित थोड्यांनीच वाचले असते. गोष्ट घरोघरी गेली. उपदेशास दार लावून घेणारा मनुष्यदेखील गोष्टीस आत घेतो. आणि ज्याला आपले लहानपणीचे दुःख आठवते, त्याला दुसऱ्याचे लेकरू परके वाटत नाही, असे आम्हांस या चरित्रावरून दिसते.