काचेवर काच ठेवून तारे शोधणाऱ्या हेन्रिएटा लेव्हिट

आकाशाचे अनेक फोटो एकावर एक चढवून एकच चित्र करणं आज कॉम्प्युटरवर सहज जमतं. पण फोटो काचेवर निघायचे त्या काळी हे काम हाताने करणाऱ्या एका बाईंची ही गोष्ट आहे.

हेन्रिएटा स्वान लेव्हिट यांचा जन्म ४ जुलै १८६८ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात लँकेस्टर येथे झाला. १८९२ मध्ये कॉलेजचं शिक्षण पूर्ण केल्यावर त्या हार्वर्ड वेधशाळेत आल्या, त्याही सुरुवातीला बिनपगारी! पुढे तासाला ३० सेंट मिळू लागले. आजारपणामुळे ऐकू येणं कमी होत गेलं होतं. दुर्बिणीवर रात्री पुरुष बसत, काचा तपासायचं काम बायकांकडे.

या काचा पेरू देशातील अरेक्विपाहून येत. त्यांवर मॅगेलनच्या मेघांचे फोटो असत. (छोटा मेघ आपल्या मुंबई-पुण्यातून दिसतच नाही, तो क्षितिजाखालीच राहतो.) निगेटिव्ह काचेवर तारे काळे दिसतात. बाई एका रात्रीच्या काचेची पॉझिटिव्ह प्रत घेत, म्हणजे त्यात तारे पांढरे. तिच्यावर दुसऱ्या रात्रीची निगेटिव्ह बरोब्बर जुळवून ठेवली की काळ्याने पांढरा झाकला जाई. पण एखाद्या ताऱ्याचं तेज बदललं असेल तर तिथे कडा उरे. तोच रूपविकारी तारा!

वर्गात करून बघा. दोन पारदर्शक शीट घ्या, एकीवर व्हाइटनरचे ठिपके, दुसरीवर मार्करचे तेच ठिपके, फक्त एक ठिपका लहान. शीट जुळवल्या की मुलं तो चटकन पकडतात. लेव्हिटबाईंनी मात्र असे १,७७७ तारे शोधले आणि १९०८ मध्ये त्यांची यादी प्रसिद्ध झाली.

१९१२ मध्ये त्यांनी छोट्या मेघातले २५ तारे मांडून दाखवले. जो तारा जास्त तेजस्वी, त्याला कमी-जास्त व्हायला जास्त दिवस लागतात. मेघातले तारे आपल्यापासून साधारण सारख्याच अंतरावर, म्हणून दिसणारा फरक हा खऱ्या तेजाचाच फरक. आता दिवस मोजले की खरं तेज कळतं, आणि ते दिसणाऱ्या तेजाशी ताडून अंतर काढता येतं. एवढा मोठा शोध, पण प्रसिद्ध झालेल्या पत्रकाखाली सही होती संचालक पिकरिंग यांची. पुढचं अंतराचं गणितही दुसऱ्यांनीच केलं, बाईंना ताऱ्यांची तेजस्विता मोजायच्या कामाला लावलं गेलं. मला हे आजही खटकतं.

१२ डिसेंबर १९२१ रोजी कर्करोगाने त्या गेल्या, वय अवघं ५३. दोनच वर्षांनी एडविन हबल यांना देवयानी दीर्घिकेत याच जातीचा तारा सापडला, आणि ती दीर्घिका आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे हे ठरलं. १९२५ मध्ये स्वीडनच्या मिटाग-लेफ्लर या गणितज्ञांनी बाईंचं नाव नोबेलसाठी सुचवावं म्हणून पत्र लिहिलं. पत्र त्यांच्याच नावाने आलं होतं. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती, हे पाठवणाऱ्याला माहीतच नव्हतं.