कडधान्यांच्या डॉक्टर कमलाबाई

मोड आलेली मटकी, डाळिंब्यांची उसळ, खिचडी, मुगाचं कढण. हे आपलं रोजचं जेवण, त्यात काय एवढं, असं आपल्याला वाटतं. पण याच साध्या कडधान्यांच्या पोटात काय दडलंय, हे शोधण्यासाठी एका मराठी बाईने उभं आयुष्य दिलं. आणि त्या शोधाची सुरुवात करायला मिळावी म्हणून तिला आधी एका मोठ्या माणसाच्या दारात अडून बसावं लागलं. ही बाई म्हणजे डॉ. कमला सोहोनी.

कमलाबाई मूळच्या भागवत. जन्म १९११ सालचा, इंदूरचा. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत शिकलेले. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. १९३३ मध्ये उत्तम गुणांनी पार पडली, तेव्हा पुढे बंगळूरलाच जायचं हे घरात जणू ठरलेलंच होतं. पण तिथले संचालक होते नोबेल मिळवलेले सर सी. व्ही. रामन. मुलींना संशोधनाला घ्यायचं नाही, हे त्यांचं ठाम मत. अर्ज नामंजूर झाला.

दुसरी एखादी मुलगी रडून गप्प बसली असती. कमलाबाई वडिलांना आणि काकांना घेऊन थेट बंगळूरला गेल्या आणि नकाराचं कारण विचारत राहिल्या. शेवटी रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिलं वर्ष चाचणीचं, तोवर नियमित विद्यार्थिनी म्हणून नोंद नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीसुद्धा काम करायचं. आणि बरोबरच्या मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये! हा अपमान कमलाबाई कधीच विसरल्या नाहीत. पण वर्षभरात त्यांचं काम बघून रामन यांचंही मत बदललं आणि संस्थेचं दार इतर मुलींनाही उघडलं.

तिथे श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी विषय घेतला तो दूध, डाळी आणि कडधान्यं यांतल्या प्रथिनांचा. मांस-मासे ज्यांना परवडत नाहीत किंवा चालत नाहीत, त्यांच्या ताटात प्रथिनं येतात ती इथूनच. पुढे केंब्रिजला जाऊन १९३९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली. बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतलं सायटोक्रोम सी त्यांनी दाखवून दिलं, आणि तेही अवघ्या चाळीसेक पानांच्या प्रबंधात. परदेशात राहणं सहज शक्य होतं. त्या मात्र त्याच वर्षी परतल्या. दिल्लीचं लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेज, मग कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा, आणि १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न झाल्यावर मुंबईची रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, असा त्यांचा प्रवास झाला. संस्थेचं संचालकपद मात्र हक्काचं असूनही उशिरा मिळालं. प्रयोगशाळेत शिरताना भोगलं ते वरच्या खुर्चीपर्यंत जातानाही सुटलं नाही.

आता येऊया आपल्या ओट्याकडे. वालासारख्या कडधान्यांत ट्रिप्सिन-रोधक नावाचा पदार्थ असतो. प्रथिनं पचवणारा आपल्या पोटातला जो रस, त्यालाच तो अडवतो. म्हणजे प्रथिनं भरपूर, पण कच्ची खाल्ली तर अंगी लागायची नाहीत. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९५० च्या दशकात भारतीय अन्नातल्या या पदार्थांवर खूप काम केलं. भिजवून नीट शिजवलं की उष्णतेने हा रोधक बराचसा नाहीसा होतो. मोड आले की क जीवनसत्त्व वाढतं. डाळीत जे कमी ते भातात आणि भातात जे कमी ते डाळीत, म्हणून वरण-भाताची जोडी. आजीला यातलं शास्त्र माहीत नव्हतं, पण रीत बरोबर होती. घाईत अर्धवट शिजवलेली उसळ पोटाला त्रास का देते, हेही यातून कळतं.

त्यांच्या कामाची यादी बघा. कडधान्यं, भाताचं पीठ, नीरा आणि ताडगूळ. सगळं गरिबाच्या घरातलं. नीरेचा अभ्यास त्यांनी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून हाती घेतला. पहाटे उतरवलेल्या ताज्या नीरेत जीवनसत्त्वं आणि लोह असतं, आणि तिचा गूळ केला तरी त्यातलं पुष्कळसं टिकतं, असं त्यांना आढळलं. आदिवासी भागातली कुपोषित मुलं आणि गरोदर बायका यांच्या प्रकृतीत नीरेने सुधारणा दिसली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध योजनेलाही दुधाच्या दर्जाबाबत त्यांनी सल्ला दिला.

निवृत्तीनंतरही त्या थांबल्या नाहीत. मुंबईत १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ग्राहक मार्गदर्शन संस्थेच्या त्या क्रियाशील सभासद होत्या. १९८२-८३ मध्ये अध्यक्षही झाल्या, आणि संस्थेच्या 'कीमत' या मासिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहीत राहिल्या. १९९८ मध्ये दिल्लीत भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार ठेवला होता. तिथेच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात गेल्या.

आज प्रोटीन पावडरच्या महागड्या डब्यांच्या जाहिराती आपल्याला भुलवतात. मैत्रिणींनो, आधी आपला बाजार बघूया. थंडीत पावटा, ओले वाल, तुरीच्या शेंगा, सोलाणा येतो तेव्हा तो मनसोक्त खाऊया. भाज्या महागतात तेव्हा डब्यातली मटकी, मूग, चवळी बाहेर काढूया. आणि ताटात वाढताना एक बघूया, उसळीची पहिली वाटी घरातल्या बाईच्या ताटातही पडतेय ना? उरलंसुरलं खाणाऱ्या बाईलाच प्रथिनं आणि लोह सगळ्यात कमी मिळतं. कमलाबाईंनी सगळ्यांसाठी शोधलेलं पोषण तिच्यापर्यंतही पोचायला हवं.