टाकळघाटच्या वाटेवर : स्टीफन हिस्लॉप

नागपुरात हिस्लॉप हे नाव महाविद्यालयाचे म्हणून घेतले जाते. आमच्यापैकी अनेकांनी त्या फाटकातून ये-जा केली. परंतु ज्यांचे नाव त्या संस्थेला मिळाले ते गृहस्थ कोण, हा प्रश्न त्या वयात आम्हांला क्वचितच पडला. 1883 साली महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा त्यांना जाऊन वीस वर्षे लोटली होती.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म 8 सप्टेंबर 1817 रोजी स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी म्हणून ते 1844 च्या अखेरीस मुंबईस उतरले आणि 1845 च्या आरंभी नागपूरला पोहोचले. येथे तेव्हा तिसरे रघूजी भोसले यांचे राज्य होते. हिस्लॉप यांनी मराठी आत्मसात केली, 1846 मध्ये नागपुरात शाळा काढली. पुढे रॉबर्ट हंटर हे सहकारी येऊन मिळाले. ते धर्मप्रसारासाठी आले होते आणि 1857 च्या धामधुमीत कंपनी सरकारच्याच बाजूने उभे राहिले. हे झाकून त्यांचे चरित्र लिहिणे आम्हांला योग्य वाटत नाही. तथापि राज्य खालसा झाल्यानंतर येथील इंग्रजी कारभारात जी अनागोंदी माजली, तिच्यावरही त्यांनी वृत्तपत्रांतून कठोर टीका केली, हेही तितकेच खरे.

प्रवचने आणि वर्ग यांतून उरलेल्या वेळात हिस्लॉप हातोडी घेऊन फिरत. नागपूरच्या पश्चिमेस टाकळी येथे त्यांना व हंटर यांना दगडांत शंख-शिंपले, फळे, बिया आणि कीटकांचे अवशेष सापडले. आपल्या पायाखालचा काळा पाषाण हा एके काळी उकळता लाव्हारस होता. तो एकदाच वाहिला नाही. एक थर थंड झाला की त्यावर तळी साचत, झाडे उगवत, गोगलगायी नांदत. मग पुन्हा लाव्हा येऊन सारे झाकून टाकी. दोन थरांच्या मधे चिणली गेलेली ती तळी म्हणजे टाकळीचे जीवाश्म. आज त्यांचे वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास मानले जाते. कामठी आणि सिलेवाडा येथील वालुकाश्मांत तर त्याहूनही कितीतरी जुन्या वनस्पतींच्या पानांचे ठसे मिळाले. मांगली येथील एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी लंडनला रिचर्ड ओवेन यांच्याकडे गेली आणि त्यांनी तिचे ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असे नामकरण केले. नागपूर परिसराच्या भूरचनेवरील हिस्लॉप-हंटर यांचा विस्तृत निबंध 1855 मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हिरवट छटेच्या एका कॅल्साइट खनिजाला पुढे हिस्लोपाइट हे नाव मिळाले, आणि गोड्या पाण्यातील एका सूक्ष्म प्राण्याच्या वंशाला हिस्लोपिया.

दगडांविषयीची ही चिकाटी त्यांनी माणसांच्या बाबतीतही दाखवली, आणि आमच्या दृष्टीने त्यांचे मोठे काम तेथेच आहे. गोंड व इतर आदिवासी समाजांच्या चालीरीती, देवदेवता आणि शब्द ते वर्षानुवर्षे टिपून ठेवत होते. गोंडांचा इतिहास पोथ्यांत नव्हता. तो परधान गायकांच्या कंठात होता. अशाच एका परधानाच्या तोंडून लिंगोचे दीर्घ गीत उतरवून घेण्यात आले. गुहेत कोंडल्या गेलेल्या गोंडांना लिंगोने कसे सोडवले, त्यांची कुळे कशी लावून दिली, याची ही कथा. गोंदिया जिल्ह्यातील कचारगडला माघ पौर्णिमेस जमणारा गोंड समाज ती गुहा आजही आपल्या उगमाची मानतो. ज्या भाषेला सरकारदरबारी कोणी विचारत नव्हते, तिच्यातील इतके मोठे गीत मूळ शब्दांनिशी कागदावर आले, ही लहान गोष्ट नव्हे.

हे सारे कागद ग्रंथरूप होण्यापूर्वीच तो पावसाळा आला. मध्य प्रांताचे प्रशासक रिचर्ड टेम्पल यांच्यासमवेत हिस्लॉप बुटीबोरीजवळच्या टाकळघाट येथे प्राचीन शिळावर्तुळे पाहण्यास गेले होते. मोठमोठे धोंडे गोलाकार मांडून आत मृतांसोबत भांडी व हत्यारे पुरलेली, अशी ही स्थळे विदर्भात ठिकठिकाणी आहेत. 4 सप्टेंबर 1863 च्या सायंकाळी परत येताना वाटेतील ओढा पुराने फुगला होता. घोड्यावरून तो ओलांडताना हिस्लॉप बुडाले. सेहेचाळीस वर्षे पूर्ण होण्यास चार दिवस उरले होते.

मागे राहिलेली हस्तलिखिते टेम्पल यांनी संपादित करून 1866 मध्ये नागपुरात छापविली. लिंगोचे गीत त्यात मूळ गोंडी शब्द व इंग्रजी अर्थ यांसह आहे. शीर्षकपृष्ठावर हिस्लॉप आणि टेम्पल अशी दोन नावे आहेत. गाणाऱ्या परधानाचे नाव तेथे नाही. गोंडी संस्कृतीचा अभ्यास करणाऱ्या आजच्या पिढीला ही उणीव बोचते, आणि ती बोचावी असेच आम्हांलाही वाटते.

टाकळघाटचे काम शंभर वर्षे तसेच राहिले. 1968-69 मध्ये नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव यांनी टाकळघाट आणि शेजारच्या खापा येथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. टाकळघाटला त्या लोकांची वस्ती आढळली, खापा येथे त्यांची शिळावर्तुळे.