कलामहर्षी बाबुराव पेंटर

बाबुराव पेंटरांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात, मिस्त्री घराण्यात झाला. चित्रकलेची शाळा त्यांनी पाहिली नाही. हात घरीच वळला. नाटकांचे पडदे रंगविले, पुतळे घडविले. पुढे बंधू आनंदरावांसह सिनेमाचा ध्यास घेतला. १९१६ साली आनंदराव वारले. तरी बाबुरावांनी कॅमेरा स्वतः बनविला अन् १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली.

१९२९ साली दामले, फत्तेलाल हे शिष्य वेगळे झाले. गुरूंची कंपनी पुढे बंद पडली, पण विद्या वाया गेली नाही. याच दोघांनी १९३६ साली ‘संत तुकाराम’ काढला. तुकोबाराय गावोगावच्या भाविकांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. बाबुराव १६ जानेवारी १९५४ रोजी निवर्तले. मंडळी, तो बोलपट आठवला, की या गुरूलाही हात जोडावेत.