विनायक पांडुरंग करमरकर

विनायक पांडुरंग करमरकर (२ ऑक्टोबर १८९१ – १३ जून १९६७) हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अग्रगण्य भारतीय शिल्पकार होते. नानासाहेब करमरकर या नावानेही ते ओळखले जात. पुण्यातील छत्रपती शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ ब्राँझ पुतळ्यामुळे त्यांचे नाव सर्वदूर झाले. आपल्या सासवणे येथील घरात आणि भोवतालच्या आवारात त्यांनी मांडलेल्या शिल्पसंग्रहात सिमेंटमध्ये घडवलेल्या मनुष्याकृती व प्राण्यांच्या आकृती आहेत. इमारतीच्या कामापुरते मर्यादित मानले जाणारे हे साहित्य कलानिर्मितीसाठी आपलेसे करणाऱ्या आरंभीच्या भारतीय शिल्पकारांत त्यांची गणना होते.

बालपण आणि शिक्षण

करमरकरांचा जन्म तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील (आजचा रायगड जिल्हा) अलिबाग तालुक्यात, सासवणे या समुद्रकाठच्या गावी झाला. वडील शेती करीत आणि गणपतीच्या मूर्तीही घडवीत. त्यामुळे मातीकामाचे पहिले संस्कार त्यांच्यावर घरातच झाले. भिंतींवर चित्रे काढण्याचा त्यांना नाद होता. त्यांनी गावात रंगवलेले शिवाजी महाराजांचे चित्र जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या पाहण्यात आले. या मुलाला रीतसर कलाशिक्षण मिळाले पाहिजे असे ठरवून रॉथफिल्ड यांनी त्यांना मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पाठवण्याची व्यवस्था केली. ज्याच्या चित्राने त्यांना कलाशाळेचा दरवाजा उघडून दिला, त्याच विषयावरील शिल्पाने पुढे त्यांना कीर्ती मिळवून दिली. जे. जे. मधील शिक्षणात त्यांनी मेयो पदक मिळवले.

कोलकाता आणि लंडन

शिक्षणानंतर रवींद्रनाथ टागोरांचे पुतणे सुरेंद्रनाथ टागोर यांच्या प्रोत्साहनाने करमरकर कोलकात्याला गेले व तेथे त्यांनी स्वतःचा स्टुडिओ उभारला. १९२० च्या सुमारास ते लंडनच्या रॉयल अकॅडमीत पुढील शिक्षणासाठी गेले. तेथे त्यांनी शिल्पकलेबरोबरच धातूच्या ओतकामाकडेही लक्ष दिले. मूर्ती घडवणाऱ्याला ती टिकाऊ माध्यमात उतरवण्याची क्रियाही ठाऊक असावी, हा त्यांच्या कामातील विशेष तेव्हापासून दिसतो. परतल्यावर काही काळ कोलकात्यात काम करून ते मुंबईत स्थायिक झाले.

पुण्याचा शिवपुतळा

पुण्यात भांबुर्डे येथे (आजचे शिवाजीनगर) शिवाजी महाराजांचे स्मारक व्हावे यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी पुढाकार घेतला होता. १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते स्मारकाचा पायाभरणी समारंभ झाला. शाहू महाराजांच्या निधनानंतर छत्रपती राजाराम महाराजांनी हे कार्य पुढे नेले. करमरकरांनी केलेल्या या पुतळ्याची उंची सुमारे साडेतेरा फूट व वजन सुमारे ८ टन आहे. एवढ्या आकाराचा पुतळा सामान्यतः तुकड्यातुकड्यांनी ओतून नंतर जोडला जाई. करमरकरांनी तो एकसंध ओतण्याचा धोका पत्करला. एकाच ओतकामात धातू कोठे अडला किंवा साचा फुटला, तर संपूर्ण काम वाया जाण्याची शक्यता होती. मुंबईत माझगाव डॉक येथे हे ओतकाम यशस्वी झाले आणि पुतळा रेल्वेने पुण्यास आणण्यात आला. १९२८ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. हा पुतळा श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात आहे.

सिमेंट माध्यमातील शिल्पे

स्मारकशिल्पाला आश्रयदाता लागतो. विषय, आकार आणि जागा हे सारे तोच ठरवतो. कोळीण, हमाल, गोठ्यातील म्हैस अशा विषयांवर पूर्णाकृती ब्राँझ पुतळा करवून घेणारा आश्रयदाता मिळणे कठीण होते. प्लास्टर ऑफ पॅरिस स्वस्त असले तरी कोकणच्या पावसात ते उघड्यावर टिकत नाही. सिमेंट या दोहोंच्या मधले होते. ते बाजारात सहज मिळे, ब्राँझच्या मानाने त्याचा खर्च अल्प होता आणि ते अंगणात ठेवता येत असे.

सिमेंटचे शिल्प दोन रीतींनी करता येते. पहिल्या रीतीत मूळ आकृती ओल्या मातीत घडवून तिच्यावर प्लास्टरचा साचा घेतात, साच्यात सिमेंट व वाळूचे मिश्रण भरतात आणि ते घट्ट झाल्यावर साचा फोडून किंवा सुटा करून काढतात. दुसऱ्या रीतीत लोखंडी सळ्या व जाळीचा सांगाडा उभारून त्यावर मिश्रणाचे थर थेट चढवतात. पहिला थर ओला असतानाच खरवडून खडबडीत केला जातो, म्हणजे पुढचा थर त्याला धरून राहतो. मिश्रण आवळू लागले की हाताशी वेळ थोडाच उरतो, म्हणून बारकावे त्याच अवधीत उतरवावे लागतात. त्यानंतर अनेक दिवस पाणी मारून आकृती ओली ठेवावी लागते. ती लवकर वाळली तर तडे जातात. समुद्रकाठी आणखी एक अडचण असते. खारी हवा सळईपर्यंत पोहोचली की लोखंड गंजून फुगते व वरचे सिमेंट फोडते. म्हणून सळईवर पुरेशा जाडीचा, पोकळ्या नसलेला थर असणे आवश्यक ठरते.

सिमेंटच्या खरखरीत, राखाडी पृष्ठभागावर संगमरवराची झळाळी येत नाही. ग्रामीण विषयांना मात्र हाच पोत साजेसा ठरतो. सासवण्यातील म्हशीचे शिल्प इतके हुबेहूब आहे, की प्रथमदर्शनी ती जिवंत असल्याचा भास होतो.

सासवणे येथील शिल्पालय

करमरकरांचे सासवणे येथील राहते घर आज करमरकर शिल्पालय म्हणून ओळखले जाते. मांडवा व अलिबाग यांच्या दरम्यान असलेल्या या संग्रहालयात ब्राँझ, प्लास्टर, सिमेंट इत्यादी माध्यमांतील त्यांची शिल्पे पाहावयास मिळतात. शंख फुंकणाऱ्या स्त्रीचे शंखध्वनी, तसेच मत्स्यगंधा, हमाल आणि नमस्ते ही त्यांची विशेष उल्लेखनीय शिल्पे होत. काही आकृती दालनात, तर काही झाडांच्या सावलीत आहेत. ज्या माणसांवरून व जनावरांवरून त्या सुचल्या, त्यांच्याच परिसरात त्या उभ्या असल्याने पाहणाऱ्याला मूळ आणि प्रतिमा शेजारी शेजारी दिसतात. त्यांच्या निधनानंतर कुटुंबीयांनी हा संग्रह विखुरू न देता जतन केला व सर्वांना पाहण्यास खुला ठेवला.

सन्मान

भारत सरकारने १९६२ मध्ये करमरकरांना पद्मश्री देऊन गौरवले. ललित कला अकादमीनेही त्यांना अधिछात्रवृत्तीचा सन्मान दिला. १३ जून १९६७ रोजी त्यांचे निधन झाले.